मास्तरीणबाईंच्या फिल्मांचा लिफाफा

मी लिफाफा बोलतोय. पत्राचा नव्हे, त्याचं कौतुक वेगळं. मी दवाखान्यातला, जाड खाकी कागदाचा, हातभर लांब. फिल्मा ठेवायचा. बसून ऐका नाहीतर उभ्याने ऐका. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

माझा जन्म झाला असं म्हणायची पद्धत आहे. कसला जन्म! एका यंत्राने दुमडलं, दुसऱ्याने डिंक लावला, शंभरांच्या गठ्ठ्यात बांधून टाकलं. माझ्या पोटावर दवाखान्याचं नाव छापलंय आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ. मला वाचता येत नाही, पण ओळ पाठ आहे, कारण खिडकीतली बाई येईल त्याला बोट ठेवून वाचून दाखवायची : 'पुढच्या तपासणीला येताना जुन्या फिल्मा आणाव्यात.' लोक मान डोलवायचे आणि छत्री कुठे राहिली ते बघायचे.

साडेचार वर्षांपूर्वी त्या बाईने माझ्यावर एक नाव लिहिलं आणि मला पुढे सरकवलं. ज्या हाताने मला घेतलं त्याच्या अंगठ्याला कात्रीने पडलेला घट्टा होता. शिवणकामाच्या दुकानाची मालकीण ती. कापड बेतणं आणि कापणं तिचं, म्हणून अख्खा बाजार तिला मास्तरीणबाई म्हणतो. वय तेव्हा सेहेचाळीस. डाव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढून झाली होती, महिनाभर किरणं घेऊन झाली होती. आता पाच वर्षं रोज एक गोळी, आणि वर्षातून एकदा छातीचा फोटो. मॅमोग्राफी म्हणतात त्याला.

हा फोटो 'जरा हसा' म्हणणारा नव्हे. दोन पाट्यांमध्ये अंग दाबतात. पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, इस्त्रीखाली घातल्यासारखं वाटलं हो."

"मग सुरकुत्या तरी गेल्या असतील," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. दुकानातलं दुसरं मशीन त्या चालवतात. कात्रीला हात लावत नाहीत. आखून-कापून दिलेलं सरळ शिवायचं आणि शिवताना तोंड बंद ठेवायचं नाही, एवढं त्यांचं काम.

तीन वर्षं मी त्या बाकांवर चढलो-उतरलो. माणसं बघितली. कुणी लिफाफा पोटाशी धरून बसतं, जसं काही आतलं मांजर पळून जाईल. कुणी त्यानेच वारा घेतं. कुणी त्यावरच बसतं. आणि घरी गेल्यावर प्रत्येक जण फिल्म काढून खिडकीकडे धरतो. मास्तरीणबाईंचा नवरा बस चालवतो, अंगाने दांडगा, बोलायला कंजूष. त्यानेही धरली, उलटी. बराच वेळ बघून म्हणाला, "बरं दिसतंय." बायको म्हणाली, "खालचं वर आहे ते." त्याने सुलटी केली आणि म्हणाला, "तरी बरं दिसतंय."

खरंच बरं होतं. तिन्ही वर्षं डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, वर्षाने या.

चौथ्या वर्षी तारीख आली तेव्हा शाळा उघडायला पंधरा दिवस होते. दुकानात गणवेशांचे ढीग. "पुढच्या महिन्यात जाऊ," मास्तरीणबाई म्हणाली. पुढचा महिना आला आणि गेला. गोळ्या औषधवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी तारखेचं नावही कुणी काढलं नाही.

कामाचं निमित्त होतं. मी तिच्या कपाटात होतो, मला थापा मारू नका. ती घाबरत होती. तारखेच्या आठ दिवस आधीपासून तिचं बेतणं चुकायचं. दोन बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवायची. निकाल हातात पडेपर्यंत जेवण नाही, झोप नाही, वन्संवर वसवस. आणि ठीक आहे म्हटलं की तो आनंद चार दिवस टिकायचा, मग पुढच्या वर्षाची धास्ती सुरू. तिने ठरवलं, जायचंच नाही म्हणजे घाबरायला नको.

त्याच वर्षी तिने मला उघडलं. तिला फर्मे करायचे होते. फर्मा म्हणजे कापडावर ठेवून खडू फिरवायचा साचा. पुठ्ठ्याच्या कडा दबतात, कागद फाटतो. फिल्म मात्र कडक, गुळगुळीत, वर्षानुवर्षं टिकणारी. तिने एक फिल्म काढून वाकवून बघितली आणि कात्री उचलली.

"अगं, फोटो आहेत ते तुझे!" वन्सं मशीन थांबवून म्हणाल्या.

"झालं गेलं त्याचे फोटो. काय करू, भिंतीवर टांगू?"

"डॉक्टर मागतील."

"कशाला मागतील? त्यांनीच ठीक म्हणून सांगितलंय ना? छातीत होतं तेव्हा छळ छळ छळलं. आता जरा कामाला येऊ दे."

वन्संना हसू आलं. मग तिलाही. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि हसता हसता तीन वर्षांच्या फिल्मांचे कॉलर, कफ, खिसे झाले. माझ्या पोटात जुने कागदी फर्मे आणि बटणांची पुडी गेली. आता मी म्हणू शकतो की मला तोंड असतं तर ओरडलो असतो. खोटं आहे ते. मला बरं वाटलं. दवाखान्याचा वास सुटला, कापडाचा लागला.

यंदा पाच वर्षांच्या गोळ्या संपत आल्या. गोळी बंद करायची का, एवढंच विचारायला दोघी निघाल्या. वन्संनी कपाटातून मला ओढलं आणि आत न बघता काखेत मारलं. वाटेत मास्तरीणबाई खुशीत होती. शेवटचा हेलपाटा म्हणत होती.

डॉक्टर म्हणाले, "आधी फोटो. दोन वर्षं कुठे होता?"

"शाळा उघडत होत्या."

"त्या दरवर्षी उघडतात."

फोटो झाला. ती कपडे घालून बाहेर आली तर फोटो काढणारी मुलगी मागोमाग आली. "डाव्या बाजूचा परत घ्यायचाय." परत घेतला. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर फोटो वाचणारी डॉक्टरबाई स्वतः आली. तरुण, चष्म्याची, बोलणं सरळ.

"ऑपरेशनच्या जागी व्रण आहे, तो असणारच. त्याच्या कडेला एक पांढुरकं दिसतंय. जुन्या फोटोतही ते असंच असेल तर व्रणाचंच आहे, आज घरी जा. जुन्यात नसेल तर सुई घालून तुकडा काढावा लागेल. जुन्या फिल्मा द्या."

मला पुढे केलं. डॉक्टरबाईने हात घातला. कागदी कॉलर निघाली. मग दुसरी. मग पुडी फुटून बटणं टेबलावर घरंगळली.

"हे काय आहे?"

"कॉलर," मास्तरीणबाई म्हणाली. "साइज तीस."

"आणि फिल्मा?"

ती बटणं गोळा करायला लागली. शेवटी वन्सं म्हणाल्या, "कापल्या."

"कापल्या म्हणजे?"

"म्हणजे कात्रीने."

डॉक्टरबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दवाखान्याचं यंत्र मधल्या काळात बदललं होतं आणि जुन्या यंत्रातलं नव्यात काहीच आलं नव्हतं. "म्हणून तर लिफाफ्यावर छापतो," एवढंच ती म्हणाली. जुने कागदी रिपोर्ट होते, त्यात लिहिलं होतं की व्रण आहे. पण लिहिलेलं वेगळं आणि डोळ्यांनी बघितलेलं वेगळं. ती म्हणाली, "तुकडे असतील तर तुकडे आणा. डाव्या बाजूचे. शेवटच्या वर्षाचे मिळाले तर बघा."

त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघींनी सगळं उपसलं. खिळ्याला अडकवलेले फर्मे, मशीनच्या खणातले, बेताच्या टेबलाखाली पडलेले. तेवीस तुकडे झाले. एक कफ कमी. तो गल्लीच्या टोकाच्या शिंप्याला दिला होता, कारण त्याला फार आवडला होता.

वन्सं तरातरा गेल्या. शिंपी म्हणाला, "उद्या देतो ना ताई, आत्ता त्यावर माप चाललंय."

"उद्या नाही, आत्ता. माझ्या भावजयीची छाती आहे ती."

शिंप्याच्या हातातून कफ खाली पडला. वन्संनी उचलला, पदराने पुसला आणि आल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईने तुकडे उजेडाच्या पाटीवर लावले. कॉलर, खिसा, कफ. तुकड्यांवर मास्तरीणबाईच्या हाताने मार्करने लिहिलेलं, तेही ती वाचत गेली : 'मोठा खिसा', 'मुलगे, लांब बाही'. लिहिलेल्याच्या आड पांढरे धागे, पांढरे ठिपके, एका बाईचं अंग. मी टेबलावर पडून होतो, मास्तरीणबाईचा श्वास मला ऐकू येत होता.

"हा पहिल्या वर्षीचा खिसा," डॉक्टरबाई म्हणाली. "यात व्रण पूर्ण आहे. कडेला काही नाही. पण हे फार जुनं. आणि हा कफ तिसऱ्या वर्षीचा." ती वाकली, चष्मा वर केला, परत खाली केला. "व्रण अर्धाच आलाय. मला बघायचंय ते नेमकं याच्या बाहेर. इथून पुढचं कुठे आहे?"

मास्तरीणबाईने कफाच्या गोलाईवरून बोट फिरवलं. तिनेच दिलेली गोलाई. सुंदर होती, काम वाईट नव्हतं तिचं.

"कतरण," ती म्हणाली. "झाडून टाकली."

सुई घातली. आठ दिवस निकालाची वाट बघितली. त्या आठ दिवसांत तिने एकही बाही चुकीची कापली नाही, म्हणून वन्सं जास्त घाबरल्या.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले. मला अक्षर कळत नाही, पण खुर्ची कळते. ठीक आहे हे ते लोक उभ्या उभ्या सांगतात.

परत आला होता. आता पूर्ण छाती काढायची. त्याआधी हाडांचा आणि पोटाचा स्कॅन, दुसरीकडे पसरलाय का ते बघायला. पसरला असेल तर मग कापून उपयोग नाही, औषधांवर जेवढं जाईल तेवढं.

ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी आले असते तर?"

"लहान असता. कदाचित दिसलाही नसता. खरं काय ते मला सांगता येणार नाही."

"सांगू नका," ती म्हणाली. बाहेर आल्यावर वन्सं रडायला लागल्या. "मी हसले गं तेव्हा. मी हात धरायला पाहिजे होता तुझा."

"तुम्ही धरला असता तर मी तुमचा हात कापला असता. चला, बस सुटेल."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी काय करू?" ती म्हणाली, "काही नको. भांडी घास." भांडी घासून झालेली होती. त्याने तीच परत घासली.

त्याला आता चार दिवस झाले. स्कॅन उद्या सकाळी आठला. आत्ता संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी बेताच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आहे. पोटात नव्या चार फिल्मा, सुईचा रिपोर्ट, आणि ते चोवीस तुकडे, रबर लावून. डॉक्टरबाईने सांगितलंय, असू द्या.

टेबलावर निळं कापड पसरलंय. मास्तरीणबाई कात्री वन्संच्या पुढे करते आहे.

"मी नाही कापणार. तू आलीस की काप."

"उद्याचं उद्या. पण ऑपरेशन झालं तर माझा हात सहा महिने वर जाणार नाही. नाही झालं, तर त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडून कात्री तुमच्याकडेच येते. धरा."

वन्संनी धरली. मास्तरीणबाईने त्यांच्या मनगटाखाली आपला हात ठेवलाय.

"खडूच्या बाहेरून. आत नको. घाई नको."

आता माझं ऐका, मग जा. तुमच्या कपाटात, गादीखाली, पेटीच्या तळाशी माझ्यासारखा एखादा असेल. त्याला बाहेर काढा. आत काय आहे ते बघा आणि पुढची तारीख कधी आहे ती बघा. काम असेल, मला ठाऊक आहे, सगळ्यांना असतं. भीती वाटत असेल तर घाबरत जा, घाबरत बसा त्या बाकावर, शेजारच्याही घाबरलेल्याच असतात. 'ठीक आहे' एवढं ऐकायलासुद्धा तिथवर जावं लागतं. ते घरपोच येत नाही.

उद्या मी परत जाईन तेव्हा माझ्या पोटात काय घालतील, मला कळणार नाही. मी फक्त धरून ठेवीन. एवढंच येतं मला.

कात्री चालायला लागली आहे. वाकडी जाते आहे थोडी, पण चालते आहे.