वाकड्या फुलाला मागणी

चूक करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या जागी बसून बघावं. मी सकाळपासून एक फूल वाकडं काढायला बसले होते आणि दुपार उलटली तरी ते मेलं वाकडं येत नव्हतं.

झालं असं, की दुकानवाल्या बाईंनी माझा अख्खा सेट परत पाठवला. चहाच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ, त्याचे रुमाल आणि किटलीवर घालायची टोपी. पांढऱ्या सुती कापडावर निळी फुलं, कडेनं काज टाका. माझी मान त्या टेबलक्लॉथवर मोडली होती. तर म्हणे गिऱ्हाइकानं कापड उलटं करून बघितलं. गाठ नाही, लोंबता दोरा नाही, पाकळ्या सगळ्या सारख्या. तेव्हा हे मशीनचंच आहे, हाताचं म्हणून आमच्या गळ्यात मारताय.

मी तडक दुकानात गेले. "मशीनचं? बोटांची चाळण झाली माझ्या! हे बघा!"

"ताई, मला का दाखवता? मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. बाई तशा वाईट नाहीत, पण बोलताना समोरच्याकडे बघण्याऐवजी दाराकडे बघतात, कोणी गिऱ्हाईक येतंय का म्हणून. "पण येणाऱ्या प्रत्येकाला मी तुमची बोटं दाखवू का? मशीनचं काम आता इतकं छान यायला लागलंय, की हाताचं ओळखायचं कसं? चुकीवरून. एखादं फूल वाकडं असलं की माणसाला बरं वाटतं. कोणीतरी बसून केलंय असं वाटतं."

"म्हणजे मी मुद्दाम बिघडवू?"

"बिघडवू नका हो. दर कापडावर एकच. नाहीतर मला हाताच्या कामाचा हा कप्पा बंद करावा लागेल, खरंच सांगते."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे काकणं राहिली बाजूला, लोक आरसाच मागत होते.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ओढायचा दोरा आणि घालायचा टाका कुठेही. तेच तर येत नाही ना! मला भरतकाम शिकवलं माझ्या सासूबाईंनी. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. माझं पहिलं फूल त्यांनी खिडकीपाशी नेलं, उलटं करून बघितलं आणि एकच शब्द बोलल्या, "उसव." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उलटी बाजू सुलट्या बाजूसारखी दिसली पाहिजे, हा त्यांच्या घरातला कायदा. मी रडले, चिडले, माहेरी जाते म्हणाले. त्या म्हणाल्या, जा, पण आधी हे उसवून जा. शेवटी हात असा काही बसला, की आता डोळे मिटून घातला तरी टाका सरळ पडतो. सासूबाईंनी माझ्यातला वाकडेपणा पार धुऊन काढला. जिभेतला राहिला तेवढाच.

तरी मी प्रयत्न केला. एक पाकळी जाणूनबुजून तिरकी घातली. ती दिसत होती कशी, तर कामाला दांडी मारणारा माणूस फोनवर खोकतो ना, तशी. खोटी. आमचे हे कामावरून आले, त्यांना दाखवली. ह्यांना रुमाल कुठला आणि पायपुसणं कुठलं यातला फरक कळत नाही, पण तेसुद्धा म्हणाले, "हे काय, मुद्दाम केलंस का?"

झालं! म्हणजे सरळ केलं तर मशीनचं आणि वाकडं केलं तर मुद्दाम. मला इतका थकवा आला की कापड तोंडावर घेऊन झोपावंसं वाटलं. मान, मनगट, डोळे, सगळं एकदमच कुरकुरायला लागलं होतं. आणि कप्पा बंद झाला तर मी करणार काय? मला दुसरं येतं काय?

त्या वेळी सासूबाई खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर दोऱ्याच्या लड्यांचा डबा. निळ्यात निळा, हिरव्यात हिरवा लावून ठेवायचा, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. त्यांचा हात थरथरायला लागला त्याला आता तीनेक वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले वय आहे, चालायचंच. एका टेबलक्लॉथचा कोपरा त्यांच्या हातून बिघडला, तेव्हा मी तो हळूच त्यांच्या मांडीवरून काढून घेतला. म्हटलं, "आई, खूप केलंत. आता आराम करा." शेजारच्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी. सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यानंतर हळूहळू त्या बाकीचंही काही म्हणेनाशा झाल्या. समोर ठेवाल ते जेवायच्या, सांगाल तेव्हा झोपायच्या. दिवसातून दोनदा वार विचारायच्या.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. लडी धरलेली बोटं थरथरत होती.

आणि मी उठले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात माया वगैरे काही नव्हती. मी दमले होते आणि मला एक वाकडं फूल हवं होतं. कापड ताणून बसवलेली रिंग मी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आई, एवढं एक फूल घालता का? माझी मान धरलीये."

त्यांनी आधी रिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी?"

"मग कोण? इथे दुसरं कोण बसलंय?"

अख्खी संध्याकाळ गेली त्या एका फुलात. पण काय फूल आलं! एक पाकळी लांब, एक आखूड, देठ जरासा भरकटून परत वाटेवर आलेला. वाकडं होतं, पण खोटं नव्हतं. सरळच काढायला निघालेल्या माणसाचं वाकडं होतं ते. दुकानवाल्या बाईंनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच दाराकडे बघायचं विसरल्या. "हेच! हेच हवं होतं! आधी का नाही दिलंत?"

सेट विकला गेला. मग ट्रेवर घालायच्या कापडांचं काम आलं, मग उशांचे अभ्रे, मग भिंतीवर टांगायचे पाखरं भरलेले चौकोन. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. काम नाही म्हणून रडत होते ती मी आता काम संपत नाही म्हणून रडायला लागले. दर कापडावर सगळी फुलं माझी आणि एक सासूबाईंचं.

आणि सासूबाई? त्या पार बदलल्या. सकाळी माझ्याआधी उठून, केस विंचरून, चष्मा पुसून तयार. वार विचारायच्या बंद झाल्या, कारण कुठलं कापड कुठल्या वारी द्यायचं ते त्याच मला सांगायला लागल्या. सूप अळणी आहे म्हणून ह्यांच्यासमोर मला बोलल्या. शेजारणीला सांगितलं, "माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही गं." मी आत भांडी घासत होते. रागही आला आणि बरंही वाटलं. एकाच वेळी दोन्ही, मला काय करावं कळेना, म्हणून मी तेच पातेलं परत घासलं.

फक्त एकच पंचाईत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. फूल झालं की त्या ते खिडकीपाशी न्यायच्या, उलटं करून बघायच्या आणि कात्री शोधायला लागायच्या. मी धावत जाऊन कापड ओढून घ्यायची.

"अगं, वाकडं आलंय. उसवू दे."

"असू दे हो आई. वेळ नाही."

"असू दे? ह्या घरात असू दे?"

"द्यायचंय उद्या. चांगलं झालंय."

"चांगलं कसलं? तुझे डोळे गेले का माझा हात गेला?"

मी हसून वेळ मारून न्यायची. पण सासूबाईंना जर कधी कळलं की सुई त्यांच्या हाती कशासाठी दिली, तर? रोज सकाळी त्यांना चष्मा पुसताना बघितलं की मी तोंड फिरवायची. खोटं बोलणं एक वेळ सोपं, पण ते रोज इस्त्री करून ठेवायचं म्हणजे माणूस थकतो.

कळलंच शेवटी. दुकानवाल्या बाई स्वतः घरी आल्या. एका खानावळीला सगळ्या टेबलांचं कापड हवं होतं, मोठं काम, म्हणून आनंदानं धावत आल्या. मी त्यांना आतल्या खोलीत नेत होते, पण त्या दारातच सुरू झाल्या. सासूबाई खिडकीपाशी, हातात रिंग.

"ताई, त्या वाकड्या फुलाला काय मागणी आहे म्हणून सांगू! लोक तेच आधी शोधतात. ह्या वेळी दर कापडावर दोन वाकडी ठेवा. आणि सगळी त्याच हातची हवीत हं, त्या थरथरत्या." मग त्यांना सासूबाई दिसल्या. "अय्या, आजी, तुम्हीच का? कमाल आहे तुमची!"

मी त्यांना कसंबसं वाटेला लावलं. परत आले तेव्हा सासूबाईंनी सुई पिनकुशनमध्ये टोचून ठेवली होती आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

"आई, चहा करू?"

"नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केस विंचरले नाहीत. सूप समोर ठेवलं, अळणी होतं, मी मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. एक शब्द न बोलता संपवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज वार कुठला?"

खानावळीची कापडं खाटेवर तशीच पडून होती. मी एकटीनं टाके घालत होते, एकसारखे, सरळ, कुणालाही नको असलेले. चौथ्या दिवशी माझा बांध फुटला. माफी मागायला म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि तोंडातून निघालं भलतंच.

"हो, वाकडी येतात म्हणूनच दिली तुम्हाला फुलं! काय करू मग? मला वाकडं येत नाही! तुम्हीच येऊ दिलं नाहीत. उसव, उसव, उसव करून माझा हात असा केलात की आता लोक म्हणतात ह्यात माणूसच नाही. आणि मी दमलेय, आई. मला एकटीला नाही होत हे. ती बाई मागते म्हणून नाही, मला तुम्ही समोर बसलेल्या हव्यात, मेली कटकट करत. वार काय विचारता? तुम्हाला ठाऊक आहे वार!"

बोलून झालं आणि मी रडायला लागले, वय विसरून, नाक पुसत. त्यांनी मला रडू दिलं. पूर्वीही रडू द्यायच्या.

मग म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"सरळ फुलंच हवी असती तिला, तर दिली असतीस का सुई माझ्या हातात?"

हो म्हणायला काय जात होतं? जिभेवर आलंच होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं पूर्वी खिडकीपाशी नेऊन फुलाची उलटी बाजू बघायच्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. बराच वेळ स्वतःचा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, संपलं आता, ह्या परत कापडाला हात लावायच्या नाहीत.

"ओवून दे," त्या म्हणाल्या. "निळा. आणि ऐक, मी मुद्दाम वाकडं घालणार नाही. सरळच घालणार. कसं येईल ते येईल."

मी ओवून दिलं. दोरा तीनदा हुकला. त्यांनी रिंग आवळली, ओठ घट्ट मिटले आणि पहिला टाका घातला. मी समोर बसून माझं कापड घेतलं. ऊन खिडकीतून खुर्चीच्या पायापर्यंत आलं आणि मग निघून गेलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एक एक पाकळी त्या अशी घालत होत्या, की जणू ते कापड कुणाच्या लग्नाचं आहे.

फूल झालं. त्यांनी ते उलटं करून बघितलं, मग सुलटं. वाकडंच आलं होतं, आधीच्यांपेक्षाही वाकडं.

"दे तिला," त्या म्हणाल्या, आणि कापड माझ्या मांडीवर टाकलं. "दुसरं आण."