पाट्यातून निघालेली गाठ

विजयमाला, माझी बायको, गेली तो मंगळवार होता. दुपारी चारला सरकारी दवाखान्यात तिनं डोळे मिटले. कागद तयार होईपर्यंत मी दिवेलागणीला गल्लीत सांगायला आलो, तर गल्लीत शिरायला वाट नाही. गौरम्माच्या खोलीपुढं साठ-सत्तर बाया दाटलेल्या. निम्म्या विडी कारखान्यातल्या, मांडीवरचं सूप टाकून थेट आलेल्या. पायरीवर गौरम्मा, कपाळभर कुंकू, हातात पितळी ताट. ताटात लालसर, लिबलिबीत, लिंबाएवढा गोळा.

"नोडरी, नोडरी! डोळ्यानं बगा! सुरी न्हाय, टाका न्हाय, दुकनं न्हाय! आईच्या तेलानं वितळली, आईच्या हातानं निगाली! रामहरीच्या बायकूचीबी अशीच काडली. इचारा की विजयमालेला!"

बाया वळल्या, तर मागं मी, रामहरी, उभा.

"विजयमाला चार वाजता वारली," मी म्हणालो.

कुणाच्या तरी हातातला नारळ खाली पडला. गौरम्मा मात्र हलली नाही. "गाट तर निगाली हुती की! आयुष्य आईच्या हातात. आमी फकस्त गाट काडतो."

आणि सात-आठ बायांनी माना डोलावल्या. बायको गेल्याचं मला दवाखान्यात कळलं होतं, पण का गेली ते त्या माना बघून कळलं.

विजयमाला बारा वर्षं विड्या वळत होती. तिच्या बोटांना डोळे होते. पानात तंबाखू भरताना अर्ध्या गव्हाएवढी काडी आली तरी न बघता काढून फेकायची आणि तोंडानं बडबड चालूच. छातीतली गाठही तिलाच सापडली, अंघोळ करताना.

"अवो, हितं कायतरी काडीगत लागतंय."

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग राहू दे की," मी म्हणालो. असा मी शहाणा. गिरणीत यंत्राला नवा आवाज आला तर मी धावत जॉबरला, आमच्या मुकादमाला, बोलवत होतो.

दवाखान्यात परक्या माणसापुढं पदर काढायचा म्हणून ती गेली नाही. गौरम्मा बाई होती, अक्कलकोटकडची होती, दुष्काळात इकडं आलेली. चार महिने दर मंगळवारी सकाळी ती तेल चोळायची. चोळता चोळता हात झटकायची, ताटातल्या कुंकवाच्या पाण्यात काहीतरी टपकन पडायचं, आणि ताटावर लगेच खण झाकायचा. दिवेलागणीला खण उचलला की आत गोळा. पहिल्या मंगळवारी सुपारीएवढा, पाचव्या मंगळवारी लिंबाएवढा. अट एकच. "मदी सोताचा हात लावायचा न्हाय. हात लागला की आई रुसती."

तेलात कापूर होता. थंड वाटायचं. विजयमाला खुशीत घरी यायची.

"लेकरांना तेल लावलं, बाळंतिणींना लावलं, तुमच्या गुडग्याला लावलं. माज्या अंगाला वीस वर्सांत कुणी लावलं का? तितं गेलं की लई बरं वाटतंय बगा."

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, गुण येतोय.

अट तिनं पाळली. ती बोटं, जी पानातली काडी सोडत नव्हती, त्यांनी चार महिने स्वतःच्या अंगाला हात लावला नाही. मग कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार महिने आधी आला असतात तर..."

तेराव्यानंतर शेजारची चिमाबाई दारात आली. वय तिशीचं, दोन लहान लेकरं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"दाजी, एक इचारू? ताईला गौरम्माकडं बरं वाटत हुतं नव्हं?"

"का गं?"

ती खाली बघून पदराचं टोक पिळत राहिली. "मलाबी लागतंय. काडीगत. येत्या मंगळवारी जानार हाय."

"दवाखान्यात चल."

"ताई तितंच गेली की वो," ती म्हणाली.

गौरम्माकडं निदान गोळा तरी दिसत होता. माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

म्हणजे तसं मला वाटलं. पाचव्या मंगळवारचा तो गोळा गौरम्मानं फडक्यात बांधून दिला होता, तुळशीत पुरायला. विजयमालेनं पुरला नव्हता. "माज्या अंगातली वस्तू, मी टेवनार," म्हणाली होती. मी तिची ट्रंक उघडली. मिश्रीच्या रिकाम्या डबीत फडकं सापडलं. सोडलं, तर आत लिंबाएवढं काही नाही. नखाएवढी, लालसर-पिवळट, कडक पापडी. वास नाही, मुंगी नाही. मांस असतं तर डबी उघडवली नसती.

सकाळी पाळीला जाताना ती पापडी मी पाण्याच्या वाटीत टाकली. उगाच. भोंगा झाल्यावर घरी आलो आणि वाटी बघितली. वाटीत लिंबाएवढा गोळा. माझी बायको जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि तिची गाठ वाटीत पुन्हा वाढली होती!

वाटी घेऊन नागप्पाच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. त्यानं बोटानं गोळा दाबला आणि हसला.

"कतिरा की हो! डिंक. उन्हाळ्यात सरबतात घालतात. सकाळी चिमूटभर भिजवला की संध्याकाळी वाटीभर. कुणाची गाठ म्हणालात?"

मी सांगितलं. मग तो हसला नाही. पुडीभर कतिरा दिला आणि म्हणाला, "गौरम्मा इथूनच नेते. मला सांगायची, सरबताला."

मंगळवारी सकाळी मी घरातला पाटा खांद्यावर टाकला आणि गौरम्माच्या दारात नेऊन ठेवला. बाया जमलेल्याच होत्या. चिमाबाई पहिल्या ओळीत.

"ह्यो काय तमाशा?" गौरम्मा म्हणाली.

"आजारी हाय," मी म्हणालो. "चटणी वाटताना कुरकुरतो. छातीत गाट असंल."

मी पाट्याला तेल चोळलं. मंत्र येत नव्हता म्हणून गिरणीतल्या खात्यांची नावं म्हटली. हात झटकला, बरोबर आणलेल्या कुंकवाच्या पाण्याच्या ताटात टपकन आवाज, वर विजयमालेचा खण. गौरम्मानंही चिमाबाईला तेल चोळून आपलं एक ताट झाकलं. गर्दीपुढं तिला माघार घेता येईना. केराबाई, विडी कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, दोन्ही ताटांच्या मधे सूप घेऊन बसली आणि दिवसभर तिथंच विड्या वळत राहिली. "कोन हात लावतंय बगतेच," म्हणाली.

दिवेलागणीला तिनंच दोन्ही खण उचलले. दोन्ही ताटांत गोळे. पाट्याचा जरा मोठा.

"अगं बया, पाट्याची गाट निगाली!" कुणीतरी ओरडलं आणि बाया अशा हसल्या की पायरीवरचं कुंकू सांडलं.

"चेष्टा हाय ही! भाव पायजे, भाव!" गौरम्मा किंचाळली.

"पाट्याला कुटला आलाय भाव, बाई?" केराबाई म्हणाली.

मी पुडी उघडून हातोहात फिरवली. बोटांच्या बेचक्यात तुकडा कसा धरायचा तेही दाखवलं. विडीवाल्या बाया त्या. दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. फक्त चिमाबाई हसत नव्हती. तिनं माझ्या ताटातला गोळा उचलला, दाबला आणि हळूच विचारलं, "मग ताईची गाट?"

"आतच होती," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

दुसऱ्या दिवशी केराबाई तिला घेऊन दवाखान्यात गेली. गाठ बोराएवढी होती. डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढली. आज चिमाबाई परत विड्या वळते. डावा हात वर करताना ओढ लागते, तेवढ्यापुरत्या शिव्या मला देते.

डॉक्टरीणबाई नंतर एकदा कारखान्यात आल्या. मला केराबाईनं बाहेर काढलं, पण दार पातळ होतं. त्या म्हणाल्या, "अंगाला तेल लावा. अवश्य लावा, स्वतःच्या हातानं लावा, बरं वाटतं. तुमचं अंग तुमचं आहे, लाजायचं काय? पण तेलानं गाठ जात नाही. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, बोटांच्या पोटानं दोन्ही स्तन नीट चाचपून बघा. तंबाखूतली काडी शोधता ना, तसं. लागलं तर दुखायची वाट बघू नका."

माझं सांगणं याहून वेगळं नाही. कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं तर ते पाण्यात टाकून बघा, वाळवून बघा, दुकानात नेऊन विचारा. आणि जो म्हणतो स्वतःच्या अंगाला हात लावू नका, त्याचा हात आधी धरा. पुरुषांना एवढंच, की बायको सांगते ते पहिल्यांदाच ऐका.

गौरम्मा त्याच आठवड्यात खोली सोडून गेली. आता ती श्रीपूरला, ऊसतोडीच्या बायांमधे बसते असं ऐकलं. पुडी आणि पाटा घरात तयार आहेत. श्रीपूरला मी अजून गेलेलो नाही.