सात नंबरची बाटली

मी बोलतोय, सात नंबरच्या बाटलीतला क्षार. जीभ लावू नका, मी शिशाचा आहे, विषारी. पण चिठ्ठी डकवलीय बेरियमची. दुसऱ्याच्या नावानं कोंडलंय मला, वर काचेचं बूच गच्च. बोंबलावं तर तोंड नाही.

हे केलं प्रयोगशाळेतल्या मामांनी. शिपाई ते, पण पोरं मामाच म्हणतात. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, कपाटाच्या चाव्या सांभाळायच्या. माणूस सरळ. पण सामानाच्या खोलीतला दिवा चार महिने गेलेला. तीनदा अर्ज दिला, ऑफिसातले ढिम्म. मीही पांढरा, बेरियमही पांढरा. संध्याकाळच्या अंधारात मामांनी बरणी चुकवली, झालं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. ओळखा म्हणून मामांनी पुड्या वाटल्या. सात नंबर गेला एका पोरीकडं. मागच्या वर्षी याच विषयात नापास झालेली. यंदाही नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण बंद करणार, सगळ्यांना ठाऊक.

चिमूटभर का होईना, मी बाहेर पडलो. तिनं मला पाण्यात विरघळवलं, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. मी पांढरा साका होऊन तळाला बसलो. बेरियम असा बसत नाही. नळी तापवली, विरघळलो. गार केली, सुयांसारखा परत दिसलो. मग आयोडाइड टाकलं आणि मी असा पिवळाजर्द झालो की आंधळ्यालाही कळावं. पोरीनं लिहिलं, शिसं.

परीक्षकांनी उत्तरांची यादी बघितली, सातपुढं बेरियम होतं, आणि लाल रेघ ओढली. वर म्हणाले, दहा मिनिटं आहेत, बदल.

"सर, तीनदा केलंय. यादीत काहीही असू दे, नळीत शिसंच आहे."

परीक्षक तापले. मामांना म्हणाले, "बाटली आणा ती. माझ्या हातानं बघतो."

मामांनी सामानाच्या खोलीचं दार सताड उघडलं, उजेड आत आला. बेरियमच्या बरणीचं सील जसंच्या तसं होतं. मामांना उमगलं, बरणी चुकली. शेजारी रिकामी बाटली होती. त्यात बेरियम ओतायचा, सात आकडा लिहायचा, कुणाच्या बापाला कळलं नसतं. रिटायर व्हायला दोन वर्षं. मामांनी बेरियमच्या बरणीला हात लावलाही. मी आत नुसता जळत होतो. अरे, मला उचल की!

त्यांनी मलाच उचललं.

"साहेब, ही मी भरली," मामा म्हणाले. "चुकलं ते माझं, पोरीचं नाही."

परीक्षकांनी स्वतः केलं. मी पिवळा झालो. लाल रेघ खोडली, पोरगी पास. त्या दिवशीच्या नळ्या सगळ्या तिनंच धुतल्या.

मामांना मेमो मिळाला, चाव्या काढून घेतल्या. दिवा मात्र दुसऱ्याच दिवशी लागला! मला 'वापरू नये' लिहून मागच्या रांगेत ढकललं. चाव्या क्लार्ककडं, तो इकडं फिरकत नाही. मामा येतात, कपाटाची काच बाहेरून पुसतात, जातात.

माझं सोडा. मी विषारी, मला मोरीत ओतायचं नाही, आत राहतो मी. पण ज्याला चूक दडवता येत होती नि ज्यानं दडवली नाही, त्याच्याच कमरेच्या चाव्या काढता? लाज वाटू द्या जरा. द्या त्या परत.