बारकं जेट

दारसिनीच्या तोंडात दोन शब्द कायमचे मुक्कामाला होते, "हळू चालव." पोरगी सायकल काढू दे, शेजारचा वागीमान स्कूटर काढू दे, नाहीतर भाजीचा ट्रक दारावरून जाऊ दे, हिचं आपलं चालूच. ट्रकवाला काय ऐकतोय, डोंबल! पण म्हटल्याशिवाय तिला राहवायचं नाही. तिचा नवरा पारमिन घाटमाथ्यावरून कोबीच्या टेम्पोत बसून खाली येत होता, आणि उतारावर टेम्पोचे ब्रेक गेले. त्या दिवसापासून लावू पर्वताच्या त्या वरच्या रस्त्यावर तिनं पाऊल टाकलं नव्हतं. गावातल्या बाया वरच्या बाजारातून ताजी गाजरं आणायच्या. ही खालच्या बाजारातली सुकलेली आणायची, आणि वर तीच गोड लागतात असंही ऐकवायची.

अशा बाईच्या पोटी किनांती जन्माला आली. या पोरीच्या वाट्याची भीती बहुतेक आईनंच संपवून टाकली असावी. लहानपणी ती नारळाच्या झाडावर चढायची आणि खाली दारसिनी हातात लुगड्याचा बोळा धरून उभी राहायची, जणू काही त्यात झेलणार होती. "या पोरीला थोडी तरी भीती दे रे देवा," हे तिचं रोजचं मागणं होतं. इतर बाया पोरीसाठी चांगला नवरा मागत होत्या.

तर या किनांतीनं एक दिवस हातगाडीवर टाकून एक स्कूटर घरी आणली. स्कूटर कसली, खुराडंच ते. वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्यानं ती किती वर्षं कोंबड्यांच्या छपराखाली टाकली होती कोण जाणे. सीटच्या जागी पेंढा होता आणि पेंढ्यात एक अंडंही निघालं. पाय ठेवायचा पत्रा गंजून खाली पडलेला, इंजिन जाम, दिव्याच्या खोबणीत विष्ठा. हे रत्न तिनं कशाच्या बदल्यात आणलं, तर आईनं तिच्या लग्नासाठी वर्षभर खपून मेणानं काढलेल्या बातिकच्या कापडाच्या बदल्यात. दारसिनीनं ते ऐकलं आणि चुलीपाशी मटकन बसली. मग उठून तिनं ते अंडं तळलं, कारण वाया कशाला घालवायचं.

पुढचे कित्येक महिने अंगणात नुसता धिंगाणा होता. वागीमान आयुष्यभर भातगिरणीचं इंजिन सांभाळून घरी बसलेला, बढाया मारायला त्याला कोणी मिळत नव्हतं. त्याला किनांती मिळाली. दोघांनी मिळून स्कूटरचा सांगाडा उघडा केला, गंज खरवडला, नवा पत्रा जोडून घेतला. इंजिन खोललं तर आत पिस्टन असं घट्ट बसलेलं की लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ठोकून बाहेर काढावं लागलं. पोरीला जुनी स्कूटर जुन्यासारखी नकोच होती. तिला घाट चढायचा होता. म्हणून मोठा सिलिंडर आला, त्याच्या मापाचं पिस्टन आलं, मोठा कार्बोरेटर आला. पुढच्या चाकाला डिस्कब्रेकही आला. या सगळ्या खटाटोपात दारसिनीला पटलेली गोष्ट तेवढीच.

आणि गंमत बघा, या कामात तिचाही हात लागला. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणून पितळेचा एक इवलासा तुकडा असतो, मधोमध बारीक भोक असलेला. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. किनांतीनं तारेनं ते साफ करायला घेतलं तर दारसिनी खेकसली. तिचा जन्म चांतिंगच्या कलमानं कापडावर गरम मेणाच्या रेघा ओढण्यात गेलेला. चांतिंगची तांब्याची चोच तुंबली की ती कशी मोकळी करायची, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "तारेनं भोक मोठं होतं, बावळट," असं म्हणून तिनं झाडूचा एक केसासारखा तंतू घेतला आणि जेट लख्ख करून दिलं. वागीमाननं मान डोलावली. त्या दिवशी ती जरा खुशीत होती.

पण वागीमानच्या जिभेला हाड कुठलं! एकदा तिच्यादेखत तो पोरीला शिकवत बसला. म्हणे, डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची, झोपेतसुद्धा. का, तर कधी आतलं पिस्टन तापून जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं. नाही दाबला तर गाडी फेकून देते. किनांतीनं "बरं" म्हटलं आणि पुढचा स्क्रू पिळला. दारसिनीनं मात्र ते शब्द न् शब्द ऐकलं. भाताचा घास उतरेना. मेणाची रेघ कधी नव्हे ती वाकडी जाऊ लागली.

शनिवारी किनांतीनं सांगितलं की उद्या तालुक्यातल्या स्कूटरवाल्यांबरोबर घाट चढून पलीकडच्या सारांगान तळ्यावर जायचं ठरलंय. त्याच रस्त्यानं. दारसिनीनं हर तऱ्हेनं सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पोरीनं आईचा गालगुच्चा घेतला आणि टॉवेल उचलून अंघोळीला गेली.

अंगणात स्कूटर उभी होती, ताज्या रंगाची, केळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवी. शेजारी सुट्या भागांचा डबा होता. त्यात जुन्या कार्बोरेटरचं बारकं जेट पडलेलं दारसिनीला दिसलं. मोठं जेट गाडीत बसलेलं होतं. ते काढताना, घालताना तिनं शंभरदा तरी पाहिलं असेल. आणि तिच्या डोक्यात एक विचार आला. कोणत्याही बातिकवालीला आला असता. चांतिंगची चोच बारीक असली की मेण कमी येतं आणि रेघ हळू, जपून सरकते. चोच मोठी असली की मेण भसकन येतं. गाडीचं तरी दुसरं काय असणार? भोक बारीक, पेट्रोल कमी. पेट्रोल कमी, म्हणजे गाडी हळू. घाट चढायचीच नाही कदाचित. पोरगी कंटाळून परत येईल आणि कोणाला काही कळणारही नाही.

न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. तिनं झाकण काढलं, स्क्रू ड्रायव्हर फिरवला, मोठं जेट काढलं, बारकं बसवलं. बोटं जराही थरथरली नाहीत. मोठं जेट तिनं कमरपट्ट्याच्या घडीत खोचलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

सकाळी किनांतीनं किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. रोज ती जरा घरघरायची, धूर ओकायची. आज आवाज खणखणीत होता आणि धूर दिसलाच नाही. पोरीनं अंगणात एक फेरी मारली, तर गाडी नुसती उधळली. "आई, आज हिच्या अंगात आलंय बघ!" असं हसत ओरडून ती गेलीसुद्धा. दारसिनी फाटकाशी उभीच राहिली. हळू जायला हवी होती. ही तर जास्तच पळत होती. "हळू चालव" म्हणायचंही ती विसरली.

तासाभरानं वागीमान कॉफी प्यायला आला. तिनं सोयाबीनचं तळलेलं तेंपे त्याच्यापुढे ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वागीमानदादा, जेटचं भोक बारीक असलं तर गाडी हळू जाते ना?"

वागीमान हसला. त्याला अशा प्रश्नांची हौस फार. तो म्हणाला, छे, उलट आधी तर गाडी हलकी वाटते, जोरात ओढते. मग तापते. या गाडीला ऑइल वेगळं नसतंच, पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी, आणि पिस्टन कोरडं पडतं. चढावर तापतं आणि पुढे उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की आधीच कोरडं, त्यात उरलंसुरलं ऑइलही बंद. तिथेच जाम होतं. एवढं सांगून त्यानं तेंपेचा तुकडा तोंडात टाकला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चावायचा थांबला.

दारसिनीनं कमरेची घडी उलगडली. तिच्या तळहातावर ते पितळ चमकत होतं.

"काय केलंस हे, बाई?" वागीमान एवढंच म्हणाला.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. गाडीवर बसली की किनांती फोन पुढच्या कप्प्यात टाकते, हे तिला माहीत होतं, तरी ती लावतच होती. मग तिकडून वाजणंही बंद झालं. घाटमाथ्यावर कधीच रेंज नसते. वागीमाननं आपली खटारा स्कूटर काढली आणि मी बघून येतो म्हणाला. दारसिनी मागे चढून बसली. जेट तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

ज्या रस्त्याचं नाव निघालं तरी ती उठून आत जायची, तो रस्ता आता तिच्या पायाखालून पळत होता. प्रत्येक वळणावर ती आधी कठड्याकडे बघायची, मग कठड्याखाली. हिरवं काही दिसलं की ती मान पुढे काढून बघायची, आणि त्या डोंगरात हिरव्यावाचून दुसरं आहे काय? केळीचं पान दिसलं की हिरवा पत्रा वाटायचा. पारमिन गेला ती जागाही येऊन गेली, तिला कळलंदेखील नाही. बिस्मिल्ला, बिस्मिल्ला, एवढंच चाललं होतं. चढ संपला, धुकं आलं, हवा गार झाली. माथा ओलांडून उतार लागला. दोन वळणं गेली, आणि तिसऱ्यावर रस्त्यावर एक काळा पट्टा दिसला. टायर घासत गेल्याचा, नागमोडी, पार कठड्यापर्यंत.

वागीमाननं गाडी थांबवली. दारसिनीला उतरता येईना.

"त्या तिथे," वागीमान म्हणाला.

जरा पुढे कणसं भाजणाऱ्या बाईची टपरी होती. बाहेर पाचसहा स्कूटरी उभ्या होत्या, कारण एक बंद पडली की या लोकांपैकी कोणी पुढे जात नाही. मध्ये हिरवी होती, एका बाजूनं खरवडलेली. आणि बाकावर किनांती बसलेली, कोपरापासून मनगटापर्यंत सोललेली, हातात न खाल्लेलं कणीस. दारसिनीनं तिला आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. हाडं जागच्या जागी होती. मग तिच्या अंगातलं सगळं पाणी डोळ्यांतून वाहायला लागलं.

किनांती मात्र रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. जमिनीकडे बघत ती हळू आवाजात सांगत होती. उतार लागला, ॲक्सिलरेटर सोडला आणि मागचं चाक एकदम अडकलं. बोटं क्लचवर होती म्हणून सुटलं. समोरून बस येत होती. कठडा एवढ्यावर होता. असं म्हणून तिनं हाताची वीत दाखवली.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. "मीच बसवलं होतं सगळं. मला वाटत होतं मला येतं. तूच बरोबर होतीस, आई. विकून टाकते ही. पुन्हा नाही हात लावणार."

आता आली का पंचाईत! दारसिनीला जे हवं होतं ते पोरगी आपण होऊन तिच्या पदरात टाकत होती. गप्प बसायचं, एवढंच काम. वागीमान तोंड उघडणार नव्हता, तो दुसरीकडे बघत उभा होता. मूठ नुसती मिटलेली ठेवायची. स्कूटर जाईल, रस्ता जाईल, पोरगी घरी राहील. पण पोरगी आपल्याच हातांकडे असं बघत होती, जसं काही ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत. ते दारसिनीला बघवेना.

तिनं मूठ उघडली.

"तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "मी बदललं. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. मला वाटलं, हळू जाईल."

किनांतीनं त्या पितळेच्या तुकड्याकडे पाहिलं. दारसिनी वाट बघत होती, पोरीनं शिव्या द्याव्यात, ते कणीस फेकून मारावं, काहीही करावं. पोरीनं तळहातावरचं जेट उचललं आणि उठून स्कूटरकडे गेली. वागीमानही गेला. इंजिन एव्हाना थंड झालं होतं. त्यांनी झाकण उघडलं, जेट बदललं, पिस्टनला वरून थोडं ऑइल पाजलं, आणि वागीमाननं हळूहळू किक दाबत, कान लावून, पुन्हा दाबत ते सोडवलं. पिस्टनला ओरखडे पडले असणार, पण जपून नेली तर घरापर्यंत जाईल, असं तो म्हणाला. शेवटी गाडी घरघरली आणि तिनं भला मोठा निळा धूर सोडला. कधी नव्हे तो तो धूर दारसिनीला गोड वाटला.

"बस मागे," किनांती म्हणाली. आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता.

दारसिनी बसली. तीन वळणं चढून ते पुन्हा माथ्यावर आले. तिथून घराकडचा उतार सुरू होतो. किनांतीनं गाडी थांबवली आणि पाय टेकले. बराच वेळ झाला तरी ती पुढे जाईना. दारसिनीनं वाकून पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती, पांढरीफटक, आणि थरथरत होती.

"आई, हात सुटत नाहीये," किनांती म्हणाली. "मला भीती वाटतेय गं."

इतकी वर्षं देवाकडे मागितलं ते हे. आणि दिलं कोणी, तर तिनंच, स्वतःच्या हातानं. दारसिनीनं मागून हात पुढे केला आणि पोरीच्या बोटांवर ठेवला. बोटं बर्फासारखी गार होती. ती त्यांना चोळत राहिली. ओठांवर ते दोन शब्द आले होते. त्यातला पहिला तिनं गिळला.

"चालव," ती म्हणाली.