डाव्या खांबाजवळचं ऊन

क्लब वरच्या लीगमध्ये गेल्यापासून त्याच्या गोलकीपरच्या पायाला भिंगरी लागली होती. सुट्टी होती, सराव बंद होता, तरी हा माणूस या ना त्या निमित्ताने मैदानावर हजर. कधी बूट विसरले म्हणून, कधी पाण्याची बाटली. बायको म्हणाली, "एकदा स्वतःलाच विसरून ये तिकडे, म्हणजे तुला आणायला मी जाईन." तो हसला नाही.

उन्हाळाभर क्लबात नव्या खेळाडूंची रीघ लागली होती. आधी दोन फॉरवर्ड आले, मग मधल्या फळीत एक लांब ढांगांचा, मग एक डिफेंडर. दर बातमीला याचा जीव भांड्यात पडायचा: चला, कीपर नाही. गल्लीतला न्हावी वस्तरा चालवताना सीझनचं भविष्य सांगायचा. "पुढची फळी झकास झाली. पण वरच्या लीगमध्ये चेंडू गोळीसारखे येतात. मागे कोणीतरी तरणा हवा." मग आपण कोणाच्या गळ्यावर वस्तरा धरलाय हे आठवून तो गप्प बसायचा.

अर्धं आयुष्य खालच्या लीगच्या चिखलात लोळून काढल्यावर त्याचं मागणं एवढंच होतं, वरती एक सीझन खेळायला मिळावा. क्लबला वर नेणारी ती शेवटची पेनल्टी त्यानेच तर अडवली होती. पण असल्या उपकाराची आठवण कुठे टिकते? बाकीचे खेळाडू थोडं सरकून दुसऱ्याला जागा देऊ शकतात. गोलात एकच उभा राहतो.

आणि सराव सुरू होता होता कीपर आलाच. तरणाबांड, हात असे लांब की तो उभा राहिला की गोल अरुंद वाटावा. वर स्वभावाने गुणी, म्हणजे त्याचा रागराग करायचीही सोय नाही. "दादा, या मैदानाचं काही सांगाल?" त्याने विचारलं.

सांगण्यासारखं एकच होतं. संध्याकाळकडे स्टँडच्या दोन छपरांमधल्या फटीतून ऊन थेट डाव्या खांबाजवळ उतरतं आणि तिथल्या कीपरला उंचावरून येणारा चेंडू दिसतच नाही. दोन पावलं पुढे सरकलं की सावली. पाहुणे कीपर तिथे हमखास फसत.

"मैदान मैदानासारखं आहे," दादा म्हणाला.

घरी त्याने बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "का नाही सांगितलंस?"

"मला कोणी सांगितलं होतं? मी गोल खाऊन शिकलो."

"म्हणून क्लबनेही आता खायचे का?" तिने विचारलं, आणि रात्रीच्या जेवणाला चव राहिली नाही.

सरावसामन्यानंतर पहिला कीपर ठरणार, असं कोचने सांगून टाकलं होतं. पूर्वार्धात दादाने एकही गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात नवा त्या उन्हाच्या गोलात उभा राहिला आणि दादा बाकावर मूग गिळून बसला. नव्याने एक सोपा गोल खाल्ला की काम झालं. ऊन उतरलं. नवा डाव्या खांबाशी डोळ्यांवर हात धरून उभा, आणि तेवढ्यात उंच चेंडू आला.

"पुढे! दोन पावलं पुढे!"

अख्खं मैदान दणाणलं. पाठीमागून ओरडून दुसऱ्यांना जागेवर आणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या तोंडाने त्याला विचारलंसुद्धा नाही. नवा सरकला, सावलीत आला, चेंडू त्याने अलगद झेलला. दादाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो लागायला वेळ लागला नाही.

कोच शेजारी येऊन बसला.

"बाकावरून आवाज छान पोचतो तुझा," तो म्हणाला. "सीझनभर पोचव."

दादाला सगळं समजलं. उठून निघून जावंसं वाटलं. समोर खेळ चालूच होता, आणि नवा सवयीने पुन्हा मागे, डाव्या खांबाकडे सरकत होता. दादाने बुटांकडे पाहिलं, कोचकडे पाहिलं, मग उभा राहिला.

"पुढे," तो ओरडला. या वेळी आवाज फाटला, पण पोचला.