बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी

मी एक जुनी लाकडी प्रश्नपेटी आहे, आणि सध्या माझ्या डोक्यावर पंखा आणून ठेवलाय! फ्रेंचच्या वर्गात उभा जन्म काढला, त्याचं हे फळ.

मित्रांनो, जुन्या बाईंनी मला सुताराकडून मुद्दाम करवून घेतलं. वर्गात येणारी सगळी मोठी माणसं. हात वर करून विचारायची त्यांना लाज वाटे. म्हणून बाईंचा नियम होता: चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. 'टेबल स्त्रीलिंगी कसं?' 'भूतकाळ दोन-दोन कशाला?' 'शेवटची अक्षरं बोलायची नाहीत, तर लिहायची कशाला?' दरवर्षी तेच प्रश्न! पण बाई चिठ्ठी वाचून म्हणत, "अगं बाई, मीसुद्धा इथेच अडले होते." मग सगळे निवांत होत.

बाई निवृत्त झाल्या, नवे सर आले. हुशार, पण जिभेला हाड नाही. त्याच वर्षी शिवणकाम करणाऱ्या एक आजी येऊ लागल्या. मुलगी परदेशात, आणि नातीला फ्रेंचशिवाय काही येत नाही. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच आजींची इच्छा. त्यांनी चिठ्ठी टाकली: 'नातीला तू म्हणायचं की तुम्ही?' कागद मात्र कपडे बेतायचा, खाकी.

सरांनी तो सगळ्यांना दाखवला. "नाव कशाला हवं? आजी, पहिल्याच धड्यात आहे हे! तेव्हा झोपला होतात का?"

वर्ग खो खो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! नियम मोडला तो मोडला, वर थट्टा? आजी त्यानंतर आल्या नाहीत. आणि माझ्यात चिठ्ठी पडायची बंद झाली.

सर मात्र खूश. "बघा, एकालाही शंका नाही!" अहो, शंका कशी नसेल? लोक धसकलेत!

काल आजींची सून वर्गाचं पुस्तक परत द्यायला आली. सरांनी विचारलं, "आजी का येत नाहीत?"

"म्हणतात, माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. नात फोनवर बोलत राहते, आणि या नुसत्या हसून फोन माझ्या हातात देतात. मला तरी कुठे येतं?"



मित्रांनो, मला रंग द्या, पुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण विचारणाऱ्याला हसू नका हो! तुम्ही घटकाभर हसून मोकळे झालात. तिकडे ती पोर आजीला काहीतरी विचारतेय, आणि तिला उत्तर मिळत नाही.