पाचातले तीन

माझी भाची डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी नव्हे. तिचे पाच कॉम्प्युटर एकच यादी सांभाळतात. त्यातले कुठलेही दोन बंद पडले, तरी उरलेले तीन आपसांत मतदान करून काम पुढे चालू ठेवतात. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय, की दारावरचा पहारेकरी हल्ली मला पाहून फोन कानाला लावतो.

ती पीएचडी करते त्या कॉम्प्युटर विभागाच्या सर्व्हर-खोलीतल्या वायरी गेली सव्वीस वर्षं मीच ओढतोय. त्यामुळे तिच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला मी कोपऱ्यात उभा होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता. त्यांनी यादीत स्वतःचं नाव घातलं, ते नोंदलं गेल्याचं पाहिलं आणि विचारलं, "आता मी कुठलंही बटण बंद करू?"

"करा की, सर," भाची म्हणाली.

त्यांनी कॉम्प्युटर सोडून खालच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबलं. आदल्या दिवशी सामान हलवताना पाचातले तीन मीच त्या एका बोर्डावर जोडले होते. दुसरं सॉकेट चार पावलं लांब होतं. आळस, दुसरं काय!

तीन दिवे विझले. पडद्यावर आलं: 'आता उत्तर देता येत नाही.'

"पडलं की बंद!" परीक्षक म्हणाले.

चार वर्षांची मेहनत माझ्यामुळे पाण्यात जाणार होती. मी पुढे झालो. "साहेब, चूक माझी. तिन्ही एका बोर्डावर मी लावलेत. पोरीचा काही दोष नाही."

"थांब रे मामा." तिचा आवाज जराही हलला नाही. "सर, पाचातले दोनच उरले, म्हणजे बहुमत नाही. बाकीचे तीन खरंच बंद आहेत की तिकडे वेगळंच काही ठरवतायत, हे या दोघांना कळायला मार्ग नाही. म्हणून ते अंदाजपंचे उत्तर देत नाहीत. गप्प बसतात. बोर्ड चालू करा."

तिन्ही दिवे लागले. मिनिटभरात यादी आली. तळाशी परीक्षकांचं नाव जिथल्या तिथे.

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "ही चाचणी प्रबंधात का नाही?"

"मला सुचली नव्हती, सर. मामाला सुचली."

आता ती प्रबंधात आहे, आठवी. खाली छापलंय: 'ही चाचणी माझ्या मामाने घडवून आणली.' बहीण म्हणते, "स्वतःची चूक छापून आली आणि मिरवतोस काय?"

मिरवणारच! खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसणारं यंत्र माझ्या भाचीनं बनवलंय. मी कशाला गप्प बसू?